दोषार्पण : आधी शेजाऱ्याचं देणं, मग वेदी

ओलिवा (धागाकर्ती)

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या पहिल्या सात अध्यायांत पाच अर्पणं येतात : होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण आणि दोषार्पण. आपल्या मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) यावर संदेश झालाच तर तो बहुधा दोन वाक्यांत आटोपतो. हे सगळं ख्रिस्ताची छाया होतं, ख्रिस्त आला, आता याची गरज नाही. यातलं छायेचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, इब्री १०:१ तेच सांगतं. पण पाचही अर्पणांचा अर्थ एकच असता, तर देवाने पाच सांगितलीच नसती. आपण ती सगळी एकाच शब्दात, 'रक्त' या शब्दात, कोंबतो आणि प्रत्येकाचं वेगळं म्हणणं हरवून बसतो.

पहिली चार थोडक्यात सांगते. होमार्पणात जनावर आख्खं वेदीवर जळतं, याजकाला फक्त कातडं मिळतं. अन्नार्पणात रक्त नाहीच : सपीठ, तेल, धूप, मीठ. मूठभर वेदीवर, बाकीचं याजकांचं. शांत्यर्पण ही पंगत आहे. चरबी आणि गुरदे वेदीवर, ऊर आणि उजवी मांडी याजकाकडे, राहिलेलं मांस आणणाऱ्याने आपल्या माणसांबरोबर खायचं. उपकारस्तुतीचं असेल तर त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही (७:१५). आख्खा बोकड एका दिवसात संपवायचा म्हणजे शेजारपाजार बोलवावाच लागतो. आणि पापार्पण नकळत घडलेल्या पापासाठी. त्यात अभिषिक्त याजकाला गोऱ्हा, सरदाराला बकरा, साध्या माणसाला बकरी किंवा मेंढी. ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं, तीही परवडत नसतील तर एफाचा (धान्याच्या एका मापाचा) दहावा भाग सपीठ.

पाचव्यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण त्याबद्दल आपल्याकडे कोणीच बोलत नाही.

लेवीय ६:१-७ उघडा. एका माणसाकडे शेजाऱ्याने विश्वासाने काही ठेवायला दिलं होतं, ते त्याने दाबलं. किंवा लुबाडलं. किंवा सापडलेली वस्तू 'मला नाही सापडली' म्हणून खोटी शपथ खाल्ली. पुढे त्याचं मन त्याला खाऊ लागलं. आता त्याने काय करायचं? घेतलेलं सगळं परत करायचं, वर त्याचा पाचवा हिस्सा घालायचा, आणि ते ज्याचं आहे त्याच्या हातात द्यायचं. मग निर्दोष एडका घेऊन याजकाकडे जायचं.

हे डोळ्यांसमोर आणून बघा. शंभर शेकेल (चांदीचं वजन) दाबले असतील तर एकशेवीस घेऊन शेजाऱ्याच्या दारात उभं राहायचं. जमिनीकडे बघत पैसे सरकवून निघून जायची सोय नाही, कारण गणना ५:७ म्हणतं की केलेलं पाप कबूल करायचं. 'तुझी ठेव माझ्याकडेच होती. मी देवाच्या नावाने खोटं बोललो.' चांदी तोलायची. शंभर. मग आणखी वीस. शेजाऱ्याची बायको आत बसून हे ऐकत असणार, उद्या विहिरीवर सगळ्या गावाला कळणार. एवढं झाल्यावर एडक्याच्या गळ्यातला दोर धरून मंडपाची, म्हणजे जिथे वेदी होती त्या उपासनेच्या तंबूची, वाट धरायची.

आणि एक गोष्ट ताडून बघा. निर्गम २२ मध्ये पकडल्या गेलेल्या चोराला दुप्पट भरावं लागतं. जनावर कापलं किंवा विकलं असेल तर मेंढरामागे चार मेंढरं, बैलामागे पाच बैल. इथे मात्र फक्त पाचवा हिस्सा. कारण हा पकडला गेलेला नाही, आपणहून आला आहे. देवाने परतीची वाट मुद्दाम सोपी ठेवली, म्हणजे माणूस यायला धजावेल. नियमशास्त्रात कृपा नाही म्हणणाऱ्यांनी हे दोन उतारे शेजारी ठेवून वाचावेत.

आता मत्तय ५:२३-२४. वेदीजवळ अर्पण आणलं आणि भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच सोड, आधी जाऊन समेट कर, मग ये. प्रभू हे गालीलात बोलत आहेत. वेदी यरुशलेमात. पायी तीन दिवसांची वाट. म्हणजे वेदीपर्यंत पोचलेल्या माणसाने जनावर तिथेच सोडून तीन दिवस मागे गालीलात जायचं, भावाशी मिटवायचं आणि पुन्हा तीन दिवस चालत यायचं. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या पायांना हे अंतर माहीत होतं.

शेवटचा दुवा यशया ५३. दहाव्या वचनात परमेश्वराच्या सेवकाचा जीव दोषार्पण म्हणून दिला जातो. पाच अर्पणांतलं नेमकं हेच, ज्याच्या आधी शेजाऱ्याचा हिशेब चुकता करायचा असतो. वधस्तंभाकडे बघताना हे आपल्या लक्षात येतं का?

आपल्याकडे साक्ष देताना भाऊ-बहीण सांगतात : मी पूर्वी लोकांना फसवत होतो, प्रभूने मला बदललं. सगळे हालेलुया म्हणतात, मीही म्हणते, मनापासून. पण ज्यांना फसवलं त्यांचं पुढे काय झालं, हे त्या साक्षीत क्वचितच येतं. ते लोक अजून त्याच गावात राहतात. त्यांचे पैसे अजून बुडालेलेच आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की देवाने क्षमा केली म्हणून शेजाऱ्याचं देणं फिटत नाही. ख्रिस्ताचं अर्पण आपल्याला त्या दारापर्यंत जायचं बळ देतं, तिथे जाण्यातून सूट देत नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

केवळ_कृपा

ताई, अभ्यास चांगला आहे, पण मला यात धोका दिसतो. 'सूट देत नाही' असं म्हटलं की तारणाला अट जोडली जाते. येशूच्या शेजारी चोर वधस्तंभावर होता, त्याने कोणाला काय परत केलं? त्याला त्याच दिवशी सुखलोक मिळालं. इब्री १०:११-१२ मध्ये याजक रोज उभे राहून तीच ती अर्पणं करतात आणि ख्रिस्त एकदाच अर्पण करून *बसला*. काम पूर्ण झालं. आपण त्यात एकशेवीस शेकेलांची भर घालायला लागलो तर कृपा कृपा राहत नाही. नव्या विश्वासणाऱ्यांच्या मनावर ओझं येईल, याची मला खरोखर काळजी वाटते.

---

ओलिवा

दादा, काळजी रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते.

लेवीयातसुद्धा एकशेवीस शेकेल प्रायश्चित्त करत नाहीत. प्रायश्चित्त एडक्याने होतं, ६:७ मध्ये तसं स्पष्ट आहे. चांदी देवाकडे जातच नाही. ती शेजाऱ्याकडे जाते, कारण ती त्याचीच आहे. म्हणजे देवाची क्षमा विकत घेण्याचा प्रश्न मोशेच्या काळीही नव्हता.

चोराला वेळच मिळाला नाही. जक्कय या जकातदाराला मिळाला, आणि त्याने काय केलं ते लूक १९ मध्ये आहे : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना नाडलं त्यांना चौपट. आपणहून आलेल्याला पाचवा हिस्सा पुरेसा होता, तरी त्याने मेंढरं चोरून पकडल्या गेलेल्या माणसाचा दर स्वतःला लावून घेतला. प्रभू त्याला 'अरे, याची गरज नाही' असं म्हणाले नाहीत. 'आज या घराला तारण मिळालं आहे' असं म्हणाले.

आणि वधस्तंभानंतरचं उदाहरण हवं असेल तर पौलाचं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र वाचा. फिलेमोनाचा गुलाम अनेसिम विश्वासात आला, पौलाच्या काळजाचा तुकडा झाला. तरी पौल फिलेमोनाला असं लिहीत नाही की आता तो ख्रिस्तात नवा आहे, जुना हिशेब विसर. तो लिहितो की त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो तुझं काही देणं लागत असेल, तर ते माझ्या नावावर मांड, मी भरीन. आणि हे तो स्वतःच्या हाताने लिहितो (वचन १८-१९). कृपेबद्दल सगळ्यात जास्त लिहिणारा प्रेषित देण्याची नोंद पुसत नाही, ती स्वतःच्या अंगावर घेतो.

---

बांधावरची

वाचत आले आणि माझ्या आजोबांची गोष्ट इथे लिहावीशी वाटली. आमच्या घरात ती नेहमी सांगितली जाते.

आमचं कोरडवाहू रान. आजोबा तरुणपणी दरसाल नांगरताना शेजारच्या रानाचा बांध थोडा थोडा कोरत गेले. शेतकऱ्याच्या घरातल्यांना हे सांगायला नको, एका वर्षात कळतसुद्धा नाही. काही वर्षांत चांगली दोन तासं, म्हणजे दोन ओळी, ज्वारी बसेल एवढी पट्टी आमच्यात आली. भांडण झालं, शिवीगाळ झाली, पंचांसमोर आजोबांनी बांध हलवला नाही म्हणून शपथ घेतली.

पुढे ते विश्वासात आले आणि बाप्तिस्मा मागितला. आमच्या पाळकसाहेबांना गावातलं सगळं ठाऊक होतं. ते म्हणाले, आधी बांध जागेवर घाल. आजोबांना राग आला, काही महिने ते उपासनेलाच गेले नाहीत. मग एका उन्हाळ्यात, रान मोकळं असताना, त्यांनी स्वतः कुदळीने जुना बांध फोडला आणि मूळ जागेच्या एक हात *आत*, म्हणजे आपल्याच रानात, नवा घातला. दगड वाहायला आजी होती. जेवढी वर्षं त्या पट्टीत पीक घेतलं त्याचा अंदाज करून ज्वारीची पोती शेजाऱ्याच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

शेजारी काही बोलला नाही. पोती आत घेतली आणि दार लावलं. पुढे कितीतरी वर्षं तो आजोबांशी धड बोलत नव्हता. आजोबा म्हणायचे, त्याने बोलावं म्हणून मी थोडंच दिलं, त्याचं होतं म्हणून दिलं.

अनुवाद १९:१४ मध्ये शेजाऱ्याच्या सीमेची खूण सरकवू नको असं आहे, ते वचन आमच्या घरी सगळ्यांना पाठ. पण एक हात आत बांध घालणं म्हणजे पाचवा हिस्सा, हे आज तुमच्यामुळे कळलं. पाळकसाहेबांनी सांगितलं असेल किंवा आजोबांनी आपल्या मनाने केलं असेल, आता विचारायला कोणी नाही.

---

कुतूहल_पुणे

मी ख्रिस्ती नाही, पण धागा अधाशासारखा वाचला. बांधाची गोष्ट तर फारच. एक प्रश्न, दुखावण्याचा हेतू अजिबात नाही. आमच्या गावच्या जत्रेत नवसाचा बोकड कापतात, त्यावर घरात दरवर्षी वाद होतो. इस्राएल लोकांच्या देवाला इतकी जनावरं कशाला हवी होती? त्यांच्यातच कोणी विरोध केला नाही का?

---

ओलिवा

प्रश्न अगदी योग्य आहे, आणि तो बायबलमध्येच विचारला आहे. स्तोत्र ५० मध्ये देव म्हणतो की रानातला प्रत्येक प्राणी माझाच आहे, मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, मी काय बैलांचं मांस खातो का? आमोस ५ मध्ये तो म्हणतो, तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. मीखा ६, यशया १, होशेय ६:६, सगळीकडे हाच सूर. होशेयाचं वचन प्रभू येशूने दोनदा काढलं (मत्तय ९ आणि १२).

माझ्या वाचनाप्रमाणे संदेष्ट्यांचा राग अर्पणांवर नव्हता. शेजाऱ्याला नाडून त्याच हातांनी वेदीवर जनावर ठेवणाऱ्यांवर होता. म्हणजे पुन्हा लेवीय ६ च. अर्पण होत होतं आणि पाचवा हिस्सा गायब होता.

जनावर का, याचं उत्तर लेवीय १७:११ मध्ये आहे : प्राण्याचा जीव रक्तात आहे आणि ते रक्त प्रायश्चित्तासाठी देवाने दिलं आहे. दिलं कोणी हे बघा. माणूस देवाला खूश करायला काहीतरी देतो असं तिथे नाही, देवच माणसाला वाट देतो. शिवाय आणणाऱ्याने जनावराच्या डोक्यावर स्वतः हात ठेवायचा आणि कापायचंही स्वतःच, याजकाचं काम त्यानंतर सुरू. दुसऱ्याच्या हातून उरकून घ्यायची सोय नव्हती.

---

वसईचा_वारा

कॅथलिक बाजूने थोडं लिहितो. आम्ही ख्रिस्तयागाला (मिस्साला) अर्पणच मानतो, तिथे तुमच्या-आमच्यात मतभेद आहेत आणि ते मोठे आहेत, त्यावर वेगळा धागा काढू. ओलिवाताईंच्या मुद्द्यावर मात्र आमची शिकवण अगदी रोखठोक आहे.

आमच्याकडे कुमसार, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली, करताना चोरीचं पाप सांगितलं, तर परत करण्याचा प्रश्न टाळता येत नाही. कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात परिच्छेद १४५९ मध्ये चोरलेलं परत करणं, बदनामी केली असेल तर ज्याची केली त्याचं नाव पुन्हा स्वच्छ करणं, दुखावल्याची भरपाई करणं, हे साधा न्याय म्हणून सांगितलंय. २४१२ मध्ये तर जक्कयाचंच उदाहरण आहे. आणि हे आजचं नाही. संत ऑगस्टिन यांनी मॅसेडोनियस नावाच्या अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की परत करणं शक्य असून माणूस परत करत नसेल, तर त्याचा पश्चात्ताप हा देखावा आहे. केवळ_कृपा दादा, ऑगस्टिन हे कृपेचे केवढे मोठे शिक्षक, हे तुम्हीही मानता.

लहानपणी आमच्या गावच्या फादरांकडून एक गोष्ट ऐकली होती. कोणी चोरलेल्या पैशातला काही भाग दानपेटीत टाकायला आणला, तर ते म्हणायचे, 'हे देवाचं नाही, ते ज्याचं आहे त्याला दे.' तेव्हा कडक वाटायचे.

---

दारफाळणी

मी बेने इस्राएल, म्हणजे इथला मराठी ज्यू, मूळ घराणं अलिबागकडचं, आता ठाण्यात. ज्या पुस्तकावर चर्चा चालू आहे ते आमचंही आहे, म्हणून बोलतो.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि आमची सगळी अर्पणं थांबली. रब्बी योहानान बेन झक्काई यांची गोष्ट आम्हाला लहानपणी सांगितली जाते. त्यांचा शिष्य रब्बी यहोशुआ मंदिराचे पडके अवशेष बघून हळहळला की जिथे आमच्या पापांचं प्रायश्चित्त व्हायचं ती जागा गेली. रब्बी म्हणाले, दुःख करू नकोस, तितकंच मोलाचं प्रायश्चित्त आपल्याकडे अजून आहे, ते म्हणजे दयेची कृत्यं. आणि त्यांनी होशेयाचं तेच वचन सांगितलं जे ओलिवाताईंनी वर दिलं आहे.

दोषार्पणाबद्दल मिश्नाचा, म्हणजे आमच्या रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहाचा, निर्णय स्पष्ट आहे. आधी लुबाडलेलं परत केलं आणि मग दोषार्पण आणलं तर ते लागू होतं. आधी दोषार्पण आणलं आणि परतफेड नंतर केली तर लागू होत नाही (बाबा कामा ९:१२). म्हणजे तुमच्या धाग्याचं शीर्षकच तिथे आहे.

योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, आमचे जुने लोक दारफाळणीचा सण म्हणायचे. पांढरे कपडे, कडक उपास, दारं बंद. पण त्या दिवसाबद्दलही मिश्ना सांगतं की माणूस आणि देव यांच्यातली पापं योम किप्पुर फेडतो. माणूस आणि माणूस यांच्यातली फेडत नाही, जोपर्यंत तो त्या माणसाची समजूत घालत नाही (योमा ८:९). म्हणून दारं बंद व्हायच्या आधीच्या दिवसांत माझे वडील लोकांच्या घरी जायचे. मोठ्या माणसाने लहान भावाच्या घरी जाऊन हात जोडलेले मी पाहिलेत.

शांत्यर्पणाबद्दल एक. आमच्याकडे नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात मलिदा करतात. पोहे, खोबरं, साखर, वर फळं, आणि एलियाहू हानबी (एलिया संदेष्टा) यांचं नाव घेऊन आशीर्वाद. सगळ्यांनी मिळून खायचं. मलिदा म्हणजे अर्पण नव्हे, मंदिर नाही तर अर्पण नाही. पण उपकार मानायचे ते एकट्याने नाही, ताटाभोवती माणसं जमवून, ही सवय तिथलीच आहे असं मला मनापासून वाटतं.

---

ओलिवा

@दारफाळणी, तुमचा प्रतिसाद मी आमच्या बुधवारच्या अभ्यासगटात वाचून दाखवणार आहे, चालेल ना? आम्ही ही वचनं वाचतो आणि ती अजून जगणारे लोक ठाण्या-अलिबागेत आहेत हे विसरतो.

---

मिरा_आ

मला वेगळ्या बाजूने विचारायचं आहे. पैशाचं, जमिनीचं समजलं. माझ्या ओळखीत एक ताई आहेत. नवऱ्याने बरीच वर्षं मारहाण केली. मग तो एका शिबिरात जाऊन आला, रडला, साक्ष दिली. आता मंडळीतले सगळे *तिच्या* मागे लागलेत : त्याला देवाने क्षमा केली, तू का करत नाहीस? ती अजून घाबरते, माहेरी आहे. तिच्या बाबतीत तुमचं दोषार्पण काय सांगतं?

---

ओलिवा

मिरा, हा प्रश्न वाचून बराच वेळ लिहिता आलं नाही.

लेवीय ६ पुन्हा वाचलं. त्या सात वचनांत ज्याच्यावर अन्याय झाला त्याला एकही आज्ञा नाही. 'त्याने स्वीकारावं', 'त्याने क्षमा करावी', 'त्याने विसरावं', काही नाही. सगळी क्रियापदं दोषी माणसाची आहेत : त्याने परत करावं, त्याने भर घालावी, त्याने आणावं. ज्याचं गेलं त्याने फक्त घरात असायचं. क्षमेबद्दल प्रभूने आपल्या सगळ्यांना सांगितलं आहे हे खरं, पण ते हत्यार करून जखमी माणसावर चालवायला सांगितलेलं नाही.

म्हणून मंडळीने त्या भावाला विचारायला हवं. तुझ्यामुळे तिचं काय काय गेलं? दवाखान्याचा खर्च, मोडलेले दागिने, सुटलेली नोकरी, मुलांची शाळा, तिच्या चारित्र्याबद्दल तू पसरवलेल्या गोष्टी. यातलं काय भरून दिलंस? ज्यांच्यासमोर तिची बदनामी केलीस त्यांच्यासमोर जाऊन 'मी खोटं बोललो' म्हणालास का? आणि पाचवा हिस्सा म्हणून तिला तिच्या अटींवर वेगळं, सुरक्षित राहू देशील का? त्याचा पश्चात्ताप खरा असेल तर तो यातलं एकही काम तिच्यावर ढकलणार नाही. तिने परत जावं की नाही हा तिचा निर्णय आहे. बांधावरचीच्या आजोबांनी पोती ओट्यावर ठेवली आणि शेजाऱ्याने दार लावलं, ते त्यांनी लावू दिलं.

आणि तिला मारहाणीचा धोका अजून असेल तर पोलीस आणि वकील आधी. पाळकांशी चर्चा नंतर.

---

मिरा_आ

धन्यवाद. हे तिला जसंच्या तसं पाठवते.

---

साधा_विश्वासू

ताई, यात अजून एक जोडा. हल्ली सभांमधून सांगतात की अडचण आहे तर सेवाकार्यात 'बी पेरा', देव शंभरपट देईल. आमच्या शेजाऱ्यांनी दोन जणांचे हातउसने पैसे थकवले होते, ते तसेच ठेवून सभेत मोठी रक्कम दिली. घेणेकरी अजून दारात येतात. शेजाऱ्याला लुबाडलं असेल तर दोषार्पणातला पाचवा हिस्सा याजकाला जात नव्हता, तो शेजाऱ्याला जात होता, एवढं जरी व्यासपीठावरून कोणी सांगितलं तरी पुष्कळ घरं वाचतील.

---

केवळ_कृपा

धागा पुन्हा सगळा वाचला. फिलेमोनाच्या वचनाला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते शोधायचीही इच्छा नाही, ते वचन बरोबर आहे. एक बाब मात्र अजून टोचते. गरिबांना सपिठाचं पापार्पण चालत होतं असं तुम्ही लिहिलंत. मग इब्री ९:२२, रक्त सांडल्याशिवाय क्षमा नाही, त्याचं काय?

---

ओलिवा

त्याच वचनाची सुरुवात बघा दादा : नियमशास्त्राप्रमाणे *जवळजवळ* सर्व काही रक्ताने शुद्ध होतं. इब्रीच्या लेखकाला लेवीय ५:११ चांगलं माहीत होतं. नियम रक्ताचाच आहे, पण ज्याच्याकडे पारव्याचं पिल्लू घ्यायलाही काही नाही त्याला देवाने दाराबाहेर ठेवलं नाही. त्या सपिठावर तेल नाही, धूप नाही, तरी ते वेदीवरच्या बाकीच्या अर्पणांवर जळायचं आणि क्षमा व्हायची. लूक २:२४ मध्ये मरिया आणि योसेफ दोन पक्ष्यांचं अर्पण आणतात, म्हणजे आपला प्रभू कोकरू न परवडणाऱ्या घरात वाढला.

यातली आणखी एक बाजू मला महत्त्वाची वाटते. पापार्पणात ऐपतीप्रमाणे सवलत आहे. दोषार्पणात ती नाही, एडका तो एडका आणि पाचवा हिस्सा तो पाचवा हिस्सा. देवाने स्वतःच्या बाजूने सूट दिली. शेजाऱ्याच्या वाट्यातून त्याने कोणाला सूट दिली नाही.

---

नवा_सभासद

बरेच दिवस नुसता वाचक होतो, या धाग्यासाठी खातं उघडलं. प्रश्न माझ्या वडिलांबद्दल आहे. त्यांनी भागीदाराचे पैसे बुडवले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर कागद बघताना कळलं. तो भागीदारही वारला. पैसे आता माझ्या घरात आहेत असं म्हणायला हरकत नाही, याच पैशांतून माझं शिक्षण झालं. ज्याला द्यायचे तोच नाही. मंडळीला दान करून टाकू का?

---

ओलिवा

नाही, आधी मंडळीला नको.

हा प्रश्न गणना ५:८ मध्ये जसाच्या तसा आहे. ज्याचं देणं आहे तो नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला द्यायचं. नातलगच नसेल तरच ते परमेश्वराचं होतं आणि याजकाकडे जातं. म्हणजे क्रम ठरलेला आहे आणि आपण शेवटच्या पायरीवर आधी उडी मारायची नाही.

भागीदाराची बायको, मुलं, भाऊ, बहिणी, पुतणे कोणी आहेत का ते शोधा. जुन्या कागदांवर पत्ता असेल, तिथे जा. त्या गल्लीत कोणाला तरी माहीत असतं. मुली असतील तर सासरची नावं निराळी असतील, म्हणून शोध सोडू नका. रक्कम आजच्या हिशेबाने काढा, तेव्हाचे पाच हजार आज पाच हजार नाहीत. वर पाचवा हिस्सा घाला. देताना काय झालं होतं ते सांगा, वडिलांची बाजू सावरू नका आणि त्यांना वाईटही ठरवू नका, जेवढं कागदात आहे तेवढं सांगा. घेणारा रागावला तर रागावू द्या.

सगळं एकदम जमत नसेल तर लेखी देऊन हप्त्याने द्या. खरोखरच कोणी सापडलं नाही, तर मग मंडळीकडे, आणि तेही गरजूंसाठी म्हणून. वारस सापडले की इथे लिहा, नाव-गाव न देता. सोबत कोणी हवं असेल तर मला निरोप पाठवा, आमच्या गटातले दोघं-तिघं नक्की येतील.